चारू की चारुता

"वन्सं, चारू की चारुता, आमच्या दोघांचं काही ठरेना. तुम्ही आत्या, तुम्हीच सांगा कानात," भावजय म्हणाली.

आत्याने पाळण्याची दोरी घट्ट धरली. बावीस वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या लेकीसाठी चारू हेच नाव मनात योजलं होतं, कुणाला न सांगता. ती लेक बारशाच्या दिवसापर्यंत जगलीच नाही. तेच नाव या पोरीला देणं आशीर्वाद की अपशकुन, तिला उमजेना.

तिने वाकून कानात "चारुता" म्हटलं. रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. त्या गलक्याने पोर दचकून रडू लागली.

आत्याने तिला चटकन छातीशी धरलं. "उगी, चारू, उगी."

पोर गप्प झाली. आपण हाक नेमकी कुणाला मारली, ते मात्र आत्याला कळेना.