हलका हात

शेजारच्या शलाकाला बाळ झालं आणि दिगंबरकाकांनी खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. दुपारी दार लावूनच ते पेटी वाजवायचे. महिनाभरात सूर इतके हळुवार झाले की काकांना स्वतःचंच कौतुक वाटलं. चाळीस वर्षं भजनात वाजवलेला हात आता कुठे हलका झाला होता.

एकदा दूध आणायला निघाले, तर दारात शलाका उभी. खांद्यावर बाळ नुकतंच झोपलेलं.

“कधीची बेल वाजवतेय, काका.”

“काय म्हणालीस?”

ती जवळ सरकली. “राग मानू नका. पण हल्ली पेटी फार मोठ्यानं वाजते. याला झोपच लागत नाही.”

“मोठ्यानं?”

शलाकाने अवघडून मान हलवली. काकांना कुकरच्या शिट्ट्या आठवल्या. हल्ली त्याही मोजता येत नव्हत्या. मग बाळाच्या पाठीवर हात ठेवून, जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाले, “आता नाही हं वाजवणार.”

बाळ दचकून उठलं. त्याचं तोंड उघडलं, चेहरा लालबुंद झाला. रडणं मात्र काकांपर्यंत फार लांबून आलं.