हंसाची मान

हंसाची मान आजही उसवलेली होती.

"काल पुरी झाली होती हो," दुर्गा म्हणाली. "अगदी चोचीपर्यंत."

"सुई उचलत असशील गो," चहा गाळता गाळता आग्नेसबाई म्हणाल्या. "टोचायची, मागे घ्यायची आणि कापडावरून सरकवायची. उचललीस की लोकर निघून येते. सुरुवातीला सगळ्यांचं होतं."

दुर्गा लिओनार्डच्या खुर्चीत बसली. लिओनार्ड हा आग्नेसबाईंचा भाऊ. तो आफ्रिकेत होता आणि नाताळला येणार होता. कुठल्या नाताळला, ते त्याने कळवलं नव्हतं.

पोकळ सुईचं हे भरतकाम गिरगावात नवीन होतं. सुईच्या पोटातून लोकर ओवायची आणि रिंगेत ताणलेल्या कापडाला उलट्या बाजूने टोचत जायचं. सुलट्या बाजूला लोकरीचे फुगीर वळसे उठतात. गाठ कुठेच नाही. कापड धरून ठेवील तोवर खरं. नक्षीचे कागद आग्नेसबाईंकडे दोनच होते, नाताळची घंटा आणि राजहंस. सत्याग्रहीच्या उशीसाठी दुर्गेने हंस निवडला.

सत्याग्रही म्हणजे तिचा नवरा चिंतामणी. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागायला गेला तो तुरुंगात पोचला. तिथे विटेवर डोकं ठेवून झोपतो, असं त्याने भेटीत हसत हसत सांगितलं. दुर्गेला हसू आलं नाही. परत येईल त्या रात्री त्याच्या डोक्याखाली आपल्या हातची उशी हवी, एवढंच तिने मनाशी धरलं. येत्या शनिवारी तो सुटणार होता.

"रिंग घरी नेऊ का? पहाटे उठून करीन."

"तुमच्या खोलीत? कुणीतरी बसेल हंसावर."

ते खरंच होतं. दुर्गा टोचू लागली.

"सासूबाई काय म्हणतात माहितीय? संयुक्त महाराष्ट्र कधी होणार ते दिल्लीला ठाऊक, आणि उशी कधी होणार ते तुमच्या आग्नेसबाईंना."

आग्नेसबाईंनी नानकटाईची बशी तिच्यापुढे सरकवली. "खा. सकाळीच भाजल्यात."

"एवढ्या कशाला करता हो रोज? एकट्या तर राहता."

"सवय." मग जराशाने, "नवरा आल्यावर येशील ना?"

"कसली येते! त्याचं जेवणखाण, सासूबाईंचं पथ्य. आणि उशी झाल्यावर इथे काम तरी काय?"

"तेही खरंच."

दिवेलागणीपर्यंत मान झाली. दुर्गेने रिंग उलटून पाहिली. पांढरी, भरीव, डौलदार मान, चोचही सरळ. कुणी बघत नाहीसं वाटून तिने क्षणभर त्यावर गाल टेकला आणि लगेच लाजून उचलला.

"आज नाही हं सुई उचलली."

"नाही उचललीस. मी बघत होते ना."

"उद्या पंख. मग शनिवारपर्यंत होईल?"

"होईल की. उद्या जरा लवकर ये."

दुर्गा लगबगीने जिना उतरली. कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत आग्नेसबाई खिडकीत उभ्या होत्या. मग त्यांनी रिंग मांडीवर घेतली, चोचीपाशी लोकरीचं टोक नखाने शोधलं आणि ओढायला सुरुवात केली. हलक्या हाताने, लोकर तुटू नये म्हणून.