आता न होणारा आजार

बाळाचं आतडं पोटाबाहेर आलेलं पाहून तरुण डॉक्टर ओजस हादरलाच. गेली तीस वर्षं हा दोष गर्भातच दुरुस्त होत होता. बाळाच्या आईची, पाड्यावरच्या सुगंधाची, मात्र गरोदरपणात एकदाही तपासणी झाली नव्हती.

शस्त्रक्रियेच्या यंत्राने नकार दिला : ‘असे रुग्ण आता जन्मत नाहीत.’

त्याने निवृत्त सिस्टर फिलोमिनांना फोन लावला.

“सलाइनच्या पिशवीत आतडं झाका आणि पिशवी पोटाला शिवा. आमची बहुतेक बाळं जगायची.”

“सिस्टर, मी हाताने कधी टाका घातलेला नाही.”

संध्याकाळी बाळ गेलं. मृत्यूचा दाखला भरताना संगणकालाही तो आजार चालेना, म्हणून ओजसने ‘जन्मतः अशक्तपणा’ लिहिलं.

सुगंधाने दाखला वाचला. “माझंच खाणं कमी पडलं का हो, डॉक्टर?”

“तसंच काहीसं,” ओजस म्हणाला.