दिगूची पहिली इच्छा

"अगं बाई, आमटीत मीठ विसरलीस की!" गॅरेजवाला दिगू हुबेहूब थोरल्या बहिणीसारखा, सुनेत्रासारखा बोलला.

अपघातानंतर त्याचं बोलणं सुनेत्राच्याच मेंदूवर चालायचं. दोघांच्या कपाळाला मेंदू जोडणारे पट्टे होते. ती गल्लीपलीकडे गेली की तो मुका व्हायचा.

आज तो स्वतःच्या मनातलं काही बोलला नाही, तर पट्टे काढायचं ठरलं होतं. मग ती मोकळी आणि तो कायमचा गप्प.

खिडकीकडे बघत दिगू पुटपुटला, "नको झालंय सगळं. कुठंतरी निघून जावं."

"अहो, ही याची स्वतःची इच्छा!" तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई हरखल्या. "आता पट्टे राहू देत, वर्षानुवर्षं."

ती इच्छा सकाळपासून सुनेत्राच्या मनात घोळत होती. तिने दिगूच्या हनुवटीवरची आमटी ओढणीने पुसली.

"हो ना," ती म्हणाली, "पहिल्यापासून भटक्याच आहे मेला."