क्लचचा नट

सासऱ्यांचा हात पक्षाघाताने गेल्यापासून लाभूच मोटारसायकलवरून गावचं दूध डेअरीत नेई. आज क्लच जळाला. संध्याकाळपर्यंत नवा बसला नाही, तर दूध नासणार. ती अंगणात क्लचचा नट सोडवू गेली, तर इंजिनच फिरू लागलं. उपाय खाटेवरच्या सासऱ्यांना ठाऊक होता, पण रीतीप्रमाणे ते सुनेशी बोलत नसत. सासू आतून निरोप घेऊन आली: “प्लगच्या भोकातून दोरी भर, इंजिन अडेल.” दोरी बोटभरही शिरेना. “बा, काहीतरी गाळलंत,” लाभू सासूला म्हणाली. “मला काय कळतात तुमची यंत्रं?” लाभू घुंघट सावरून उंबऱ्याशी गेली. “बापूजी, दोरी भरताना पिस्टन कुठे हवा?” सासूने तोंडावर हात ठेवला. सासरे भिंतीकडे वळले. “खाली. सांगितलं होतं मी. मग पान्यावर पाय दे, वहू.” पिस्टन खाली घेऊन तिने दोरी भरली, आणि नट कटकन सुटला. “तुमच्या वहूला सांगा,” सासू सासऱ्यांना म्हणाली, “चहा टाकतेय.”