घाटातला ठिपका

वेबसाइट पुन्हा बंद पडली, आणि तीही मुश्ताकमामू चहाचा कप घेऊन पाठीशी उभे असताना.

“आज नाय सुधारली तर उद्यापासून आपला फोनच बरा गो. व्यापारी बोंब मारतायत.”

“आज सुधारणार, मामू. चहा प्या.” नाझियाने मानही वळवली नाही. हार मानणं तिच्या रक्तात नव्हतं.

महाडमधल्या मामूंच्या ट्रान्सपोर्ट ऑफिससाठी ही वेबसाइट तिनेच उभी केली होती. कुठला ट्रक कुठे पोचला, ते नकाशावर ठिपक्याने दिसायचं. कौतुकाने तिने ती अम्मीच्या मोबाइलवरही टाकली होती, पण अम्मीने ढुंकून पाहिलं नव्हतं. पाहील कशी? धाकट्या भावाने, अकिबने, कुवेतचा व्हिसा नाकारून मामूंचा ट्रक हातात घेतला, तेव्हापासून अम्मीने मुलाशी बोलणं टाकलं होतं. जेवण झाकून ठेवायची, पण त्याचं नाव निघालं की उठून जायची. नाझियाला हे फार लागायचं.

इथेही तेच दुखणं. वेबसाइट एका मशीनवर, सगळी माहिती, म्हणजे डेटाबेस, दुसऱ्यावर, आणि दोघांचं बोलणं मधेच तुटायचं. केबल बदलून झाली, राउटर बदलून झाला, इंटरनेटवाल्याला शिव्याही घालून झाल्या. आज मात्र तिने वेगळाच प्रश्न धरला. नेमकं तुटतं कधी?

नोंदी चाळल्यावर उत्तर मिळालं. एक ठरावीक गाडी आंबेनळी घाटात शिरली की.

घाटात रेंज जाते आणि ठिपका जागीच थांबतो. तेव्हा कुणीतरी तेच पान पुन्हा पुन्हा उघडत होतं. दर वेळी डेटाबेसशी नवा संपर्क जोडला जायचा, आणि जुना सोडायला नाझियाचा प्रोग्राम विसरायचा. संपर्काच्या जागा भरल्या की बाकीच्यांना दार बंद. घोडं इथं पेंड खात होतं तर!

चूक तिचीच होती. तिने ती हसतहसत दुरुस्त केली. काम झालं की संपर्क सोडायचा, एवढंच प्रोग्रामला शिकवायचं होतं. मग तिने स्वतःच ते पान धडाधड उघडून पाहिलं, मामूंनाही उघडायला लावलं. वेबसाइट एकदाही पडली नाही.

“पण एवढं बघतंय कोण?” मामू चकित.

“असेल कुणी स्ट्रॉबेरीवाला. माल सडायची धास्ती.”

घरी आली तेव्हा अम्मी भाकऱ्या थापत होती. मोबाइल पिठाच्या डब्याशेजारी उपडा पडलेला. नाझियाच्या पोटात विजय मावत नव्हता. तिने सगळं सांगून टाकलं, आणि सांगण्याच्या भरात नको ते नावही तोंडातून गेलं.

“अकिबची गाडी घाटात शिरली की कुणी एक जण सारखं तेच पान उघडत बसायचा. त्यानं सगळ्यांची वेबसाइट पाडली!”

अम्मी उठून गेली नाही. हातातली भाकरी मात्र थापायची राहिली.

“म्हणजे आता,” तव्याकडे बघत ती हळूच म्हणाली, “कितींदा बघितलं तरी बंद नाय ना पडायची?”