अकरा हात

"या वर्गातल्या तीस जणांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची संभाव्यता सत्तर टक्के," मी म्हणाले. नोकरी सांभाळून बी.कॉम. करणाऱ्या पन्नाशीतल्या माणसांना ते पटेना. मग मी तारखाच विचारल्या.

"एक जून," शेवंताबाई हात वर करून म्हणाल्या.

"माझीही!" मागून हात वर होत गेले. एकूण अकरा! मी गणित मांडलं. दशांशचिन्हापुढची शून्यं फळ्यावर मावेनात.

"राहू द्या, मॅडम," शेवंताबाई हसल्या. "आमच्या आयांना तारीख कुठली ठाऊक! गावोगावचे गुरुजी घरोघर फिरून पोरं गोळा करायचे आणि रजिस्टरात अंदाजाने एक जून लिहायचे."

"म्हणजे सगळे खोटेच वाढदिवस!" मला हसू आलं.

"तारीख नाही म्हणून ते दारातून परत गेले असते, तर आज इथं एकोणीसच जण असते."

मी खडू खाली ठेवला. अकरा हात अजून वरच होते.